कुरणातल्या गुरांच्या फेरीला पहिल्यांदा जाताय? आधी एवढं वाचून घ्या

दिवाळी झाली की आमच्या गावच्या कुरणात गुरं सोडतात आणि दरवर्षी त्याच सुमाराला चार-पाच नवीन जण विचारतात की आम्हाला पण फेरीत, म्हणजे दिवसातून दोनदा कुरणात जाऊन गुरं बघून यायच्या कामात, घ्या ना, फक्त काय करायचं ते सांगा. तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं म्हणून यंदा सगळं लिहूनच काढतोय. आमचं कुरण धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात आहे, पण जळगाव-नंदुरबारकडे किंवा आणखी कुठे तुम्ही गायरान राखून त्यात मोजकी गुरं चारत असाल तर यातलं बहुतेक सगळं तुमच्याकडेही लागू पडेल.

पहिलं म्हणजे गुरं तिथे कशासाठी आहेत ते नीट समजून घ्या. आपल्याकडे रान वाचवायचं म्हटलं की पहिला शब्द येतो चराईबंदी, आणि जिथे जमीन पार उघडी पडलीय तिथे ती लागतेच. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळूनच आपलं जंगल परत उभं केलं, त्यासाठी त्या कामाचे पुढारी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण गवत एकदा परत आलं की पुढचा प्रश्न वेगळा असतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई एकदम बंद केली, पक्ष्यांचं भलं व्हावं म्हणूनच केली, आणि झालं उलटं, म्हशी जे पाणगवत खायच्या ते माजलं, उथळ पाण्यावर त्याची गादी झाली आणि बऱ्याच पाणपक्ष्यांना जागाच उरेना, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आलं. आमचं रान कोरडं, माळाचं, पण गवत वर्षानुवर्षं नुसतं वाळत पडलं तर इथेही तसंच, खालच्या नव्या फुटीला ऊन मिळत नाही, चंडोल आणि धाविक पक्ष्यांना जी मोकळी जमीन लागते ती राहत नाही, आणि फाल्गुनात एक बिडी पडली की वणवा. म्हणून पावसाळाभर कुरण बंद, गवताचं बी पडलं की गुरं आत, ती खातात आणि खुरांनी बी मातीत दाबतात.

गायच का, शेळ्या का नाही असं पण विचारतात. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती गवताला जिभेचा वेढा घालते आणि ओढून तोडते, त्यामुळे बुडखा शिल्लक राहतो. शेळी-मेंढी ओठांनी वेचून अगदी बुडापर्यंत कुरतडू शकते, शिवाय शेळी झाडाची नवी फूट ठेवत नाही. मला शेळ्यांचा राग नाही, आमच्याच घरी चार आहेत, पण कुरणात नको.

आता फेरीचं. आमच्याकडे २२ जनावरं आहेत, बहुतेक गावरान भाकड गाई आणि कालवडी, तीन निमारी, म्हणजे तांबूस अंगावर पांढरे पट्टे-ठिपके असलेल्या, आणि दोन खिल्लार गोऱ्हे. सगळी गावातल्या लोकांची. रात्री बिबट्याच्या भीतीने वाड्यात बांधतात, सकाळी गुराखी आप्पा सोडतात आणि आपल्या शेतावर जातात, संध्याकाळी परत येऊन आत घेतात. मधल्या वेळेत दोन फेऱ्या आपल्या, एक सकाळी सातला आणि एक दुपारी चारला. एका फेरीला साधारण दीड तास धरा, त्याहून कमी वेळात झाली तर काहीतरी बघायचं राहिलं असं मी तरी समजतो.

घरून निघण्याआधी

आदल्या फेरीचा मेसेज वाचून निघा. कोण लंगडत होतं, कुणाला जुलाब होते, गुरं कुठल्या भागात आहेत हे माहीत नसताना गेलात तर अर्धा वेळ शोधण्यातच जातो. पाणी दोन लिटर, डोक्याला उपरणं नाहीतर टोपी, हातात काठी, खिशात छोटी वही-पेन, फोन फुल चार्ज, दुर्बीण असेल तर छानच. पक्कड नक्की घ्या, तारेचा तुकडा दिसला की तिथेच तोडून खिशात टाकायचा, कारण गाय चावून न बघता गिळते आणि ती तार पोटातल्या जाळीतून पुढे घुसून थेट काळजाला लागू शकते. पूर्ण पँट आणि बंद बूट घाला. कुसळी गवताचं कुसळ मोज्यात शिरलं की ते फिरत फिरत आत जातं, चालणं मुश्कील होतं. तुमच्या घरी स्वतःची गुरं असतील तर फेरीचे बूट वेगळे ठेवा आणि धुऊन ठेवा, लाळ्या-खुरकूत बुटाच्या चिखलातून पण घरी येतो. कुत्रं सोबत आणायचं नाही, ते कितीही शहाणं असलं तरी नाही.

पहिली दहा मिनिटं लांबूनच

सगळ्यात जास्त नवीन लोक इथे चुकतात. आल्या आल्या सरळ कळपात शिरतात, गुरं माना वर करतात, बसलेली उठतात, आणि जे बघायचं होतं ते गेलं. गाय हे शिकारीचं जनावर आहे म्हणजे तिची शिकार होते, माणूस किंवा कुत्रं जवळ आलं की दुखणं लपवून उभं राहणं तिच्या अंगात आहे. म्हणून आधी शंभर-दीडशे पावलांवर एखाद्या झाडाखाली थांबा आणि नुसतं बघा. बहुतेक गुरं एकच काम करत असली पाहिजेत, चरत असतील तर चरत, बसून रवंथ करत असतील तर रवंथ. जे एकटं लांब उभं आहे, पाठ कमान करून, मान खाली, कान पडलेले, त्याच्यावर लक्ष ठेवा. जे सारखं उठ-बस करतंय, मागे वळून पोटाकडे बघतंय किंवा पोटावर लाथ मारतंय त्याच्या पोटात दुखतंय. आणि सगळाच कळप एकत्र दाटून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, चरत नसेल, तर तुम्ही पुढे जाऊ नका, तिकडे झाडीत काय आहे ते आधी लांबून कळू द्या, आप्पांना फोन करा. आमच्याकडे असं दोनदा झालंय आणि एकदा नाल्याच्या वाळूत बिबट्याचे ठसे मिळाले.

मोजायचं, पण तोंडं ओळखून

याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण ही चूक माझी स्वतःची आहे.

मागच्या पौषातली गोष्ट. सकाळची फेरी माझी होती, मी मोजली, २२ भरली. दुपारी दुसऱ्या पोराने मोजली, २२. संध्याकाळी काही कामामुळे आप्पा आले नाहीत, त्यांच्या जागी आलेल्या पोराने पण २२ मोजून वाड्यात घातली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी वाड्यात एक नजर टाकली आणि म्हणाले, आपली तांबडी पहिलारू कुठेय? कळपात एक तांबडी होती, पण ती आपली नव्हतीच, कुंपण पडलं होतं तिथून शेजारच्या शिवारातली कुणाची तरी गाय आत आली होती आणि आकडा बरोबर जुळला होता. आमची कालवड नाल्यात वेड्या बाभळीखाली आडवी पडलेली सापडली, वासराचे दोन पाय बाहेर, जीभ बाहेर, केव्हापासून ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टर तासाभरात आले, वासरू गेलेलं होतं, गाय वाचली. आप्पा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आकडा नको सांगू भाऊ, कोन नही शे ते सांग."

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक जनावराचं एक पान आहे. रंग, शिंगं कशी, कपाळावर चांदवा आहे का, मालक कोण, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांतले शेवटचे चार. फेरीत एकेक नाव घेऊन खूण करायची. पहिल्या आठवड्यात जड जातं, दहा दिवसांनी लांबून चालीवरून ओळखू येतात. आणि दुसरा बदल केला तो असा की सात महिन्यांवरची गाभण कुरणात ठेवायचीच नाही, मालकाने घरी न्यायची. तरी कधी कुरणातच वेत झालं तर पाणमोट फुटल्यापासून घड्याळ लावा, तास-दीड तासात काही पुढे सरकलं नाही तर डॉक्टरला फोन, स्वतः पाय धरून ओढायचे नाहीत. जार, म्हणजे वासरामागून पडणारी वार, बारा तासांत पडली नाही तरी कळवायचं. आणि नुकत्याच व्यालेल्या गाईच्या आणि वासराच्या मध्ये कधीही उभं राहू नका, एरवी गरीब गाय पण त्या दिवशी मारते.

मग जवळ

बाजूने जा, खांद्याच्या दिशेने, हळू, बोलत बोलत. थेट मागून नाही, तिला तिथलं दिसत नाही आणि लाथ तिकडेच बसते. हात लावायची गरज बहुतेक वेळा नसते, आठ-दहा पावलांवरून हे सगळं दिसतं:

नाकाडावर दव पडल्यासारखे थेंब असले पाहिजेत, कोरडं खडखडीत नाक म्हणजे ताप असू शकतो. डोळे उघडे, चिपडं नाहीत. सावलीत शांत उभ्या जनावराची बरगडी मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा हलते, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. चाल बघा, चारही पाय सारखे टेकतात का. अंगावर गाठी आहेत का हे रोज, न चुकता, कारण लम्पी २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच खान्देशातून, रावेर तालुक्यातल्या चिनावलहून महाराष्ट्रात पसरायला लागला, आणि तेव्हा ज्यांनी पहिली गाठ दिसल्या दिवशी जनावर वेगळं बांधलं त्यांचा बाकीचा गोठा वाचायची शक्यता तरी राहिली. कानाच्या आत आणि शेपटीखाली गोचीड. लघवी करताना दिसली तर रंग बघा, कॉफीसारखी दिसली की ताबडतोब कळवा, तो गोचीड तापाचा प्रकार असतो.

शेण तर नक्की बघा, मला विचाराल तर शेणाएवढं खरं कुणीच सांगत नाही. चांगलं शेण पडल्यावर थापीसारखं बसतं, मध्ये थोडा खळगा राहतो. पाण्यासारखं पातळ, रक्ताचं, शेंब आल्यासारखं, किंवा वाळलेल्या गोळ्यांसारखं असेल तर फोटो काढा. घाणेरी, म्हणजे टणटणीचं झुडूप, खाल्लेल्या जनावराला बद्धकोष्ठ होतं, डोळे पिवळे पडतात आणि ते उन्हातून सावलीला पळतं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर डॉक्टरला घाणेरीचं नाव आवर्जून सांगा.

आणि डावी भकाळी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधला तो त्रिकोणी खळगा, डाव्या अंगाचा. एरवी तो किंचित आत असतो. बाहेर आलेला, ताणलेला, टिचकी मारली तर डफासारखा वाजतो, म्हणजे पोटफुगी, आणि यात वेळ कमी असतो. जनावराचं तोंड चढाकडे करून उभं ठेवा, बसू देऊ नका आणि फोन करा. गावात लगेच कुणीतरी तेल-हिंग पाजायला सांगेल, म्हाताऱ्या माणसांचा हात बसलेला असतो, पण आपण पाजायचं नाही, घशाऐवजी श्वासनळीत गेलं तर जनावर त्यानेच जातं.

हौद, कुंपण आणि शेजारचं शेत

हौदात पाणी किती, शेवाळ आहे का, त्यात खार किंवा पाखरू मरून पडलंय का. आम्ही हौदात एक उतरता दगड ठेवलाय त्यामुळे पडलेला जीव चढून बाहेर येतो, तो दगड हलला असेल तर नीट करा. आतून चुना पंधरा दिवसांनी लावतो. एका गाईला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागतं आणि शिवरात्रीनंतर त्याहून खूप जास्त, त्यामुळे टँकर किंवा पाइपलाइन एक दिवस चुकली तर हौद पार कोरडा होतो.

कुंपणाची पूर्ण फेरी मारायची, शॉर्टकट नाही. कुंपण पडलं तर आपली गुरं कुठे जाणार याचा विचार करा. शेजारी ज्वारी काढलेलं शेत असेल आणि बुडख्यांना नवी हिरवी फूट आली असेल तर तीच सर्वात धोक्याची, कोवळ्या ज्वारीत विष असतं, किराळ लागते म्हणतात ती हीच, पोटभर खाल्लं की थोड्याच वेळात जनावर धापा टाकतं, लाळ गाळतं, झोकांड्या खात पडतं. तिथे एक मिनिट पण वाट बघायची नाही, गुरं बाहेर काढा, डॉक्टरला "ज्वारीची फूट खाल्लीय" असं स्पष्ट सांगा, त्यावरचं इंजेक्शन असतं पण ते वेळेवर लागलं पाहिजे. आणि आपल्याकडे कपाशी सगळीकडे. फवारणी चालू असेल तर त्या शेतकऱ्याला दादा, नाना म्हणून नीट विनंती करून ठेवा की फवारणीचा ड्रम आणि रिकाम्या बाटल्या बांधावर सोडू नका. आमच्याकडे आजवर कुणीच नाही म्हटलेलं नाही, फक्त आधी जाऊन बोलावं लागतं.

गवत बघायचं विसरू नका

गुरं ठणठणीत आहेत आणि कुरण खरवडलं गेलंय, असं झालं तर आपण नक्की काय राखलं? कुरणाचे आम्ही चार भाग केलेत आणि गुरं एकातून दुसऱ्यात जातात. कधी हलवायची हे तुमच्या नोंदींवरून ठरतं. गुरं आधी मारवेल आणि पवन्या खातात, कुसळी वाळून कडक झाली की तिला टाळतात, रोशा गवताला तर त्याच्या उग्र वासामुळे सहसा तोंडच लावत नाहीत (एकेकाळी खान्देशात याच रोशाचं तेल काढायचे). म्हणून सरासरी गवत किती उरलंय हे बघू नका, मारवेल किती उरलंय ते बघा. ते निम्मं संपलं, चार बोटांवर आलं, की त्या भागातून गुरं हलवायची, बाजूला कुसळी कमरेएवढी उभी असली तरी. रोज त्याच चार खुंट्यांपाशी उभं राहून फोटो काढायचा, बुटाचं टोक फोटोत येऊ द्या म्हणजे उंची कळते. गाजरगवत, रानतुळस, वेड्या बाभळीचं नवं रोप दिसलं तर जागा लिहा. गुरं वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात आणि शेणातून तिचं बी सगळीकडे पेरतात, त्यामुळे शेंगा पडायच्या दिवसांत त्या झाडांखाली कळप थांबू द्यायचा नाही. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर पाय जपून टाका, अंडी जवळच उघड्यावर असतात, तिथून बाजूला व्हा आणि गुरं पण वळवा.

कळवायचं कसं

ग्रुपवर मेसेज असा टाका: "भाग ३, स. ७.१५, २२ पैकी २२ नावानिशी. चांदवी मागचा उजवा पाय टेकत नाही, चरतेय, शेण ठीक. हौद पाऊण. पूर्वेचं कुंपण बाभळीपाशी पडलंय, काटे लावलेत. मारवेल सहा बोटं." बस. "सगळं ओके" असा मेसेज नको, त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. शंका असेल तर शंका म्हणूनच लिहा, चुकलं तरी कुणी हसणार नाही, न सांगितल्याने मात्र जनावर जातं.

आपलं काम बघणं, ओळखणं आणि सांगणं, औषध देणं नाही. मालकाला फोन, मग पशुवैद्यकीय डॉक्टरांना, ते लागले नाहीत तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. जंगली जनावराने गाय मारली असेल तर वनखात्याचा १९२६, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, नाहीतर मालकाची भरपाई अडकते. दोन गोष्टी स्वतःच्या जिवासाठी पक्क्या लक्षात ठेवा. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, घशात काही अडकलंय असं वाटलं तरी नाही, ते पिसाळलेलं असू शकतं. आणि काल बरं असलेलं जनावर अचानक मेलेलं सापडलं, नाकातून-गुदातून काळं रक्त येतंय, तर जवळ जायचं नाही, कुणाला कातडं काढू द्यायचं नाही, तो फाशी रोग असू शकतो आणि तो माणसाला होतो.

डॉक्टर आले की एक विनंती आपण करायची, वेदनेचं इंजेक्शन द्यायचं असेल तर मेलॉक्सिकॅम द्या. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये आली, कारण असं औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडं किडन्या निकामी होऊन मरतात. जंताचं औषध दिलेलं जनावर पण काही दिवस मालकाच्या गोठ्यातच ठेवतो, आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिडे मारतं, आणि शेण मातीत नेणारे तेच आहेत. किती दिवस ठेवायचं ते औषधावर आहे, डॉक्टरांना विचारून वहीत तारीख लिहायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच आम्ही कुरण बंद करतो. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, पारा ४४-४५ ला जातो, पण मार्चपासूनच दुपारची फेरी पाचला करा आणि गुरं तोंड उघडं ठेवून धापताना दिसली तर आधी सावली आणि पाणी, मोजणी नंतर.

पहिल्या तीन फेऱ्या एकट्याने करायच्या नाहीत, माझ्याबरोबर किंवा आप्पांबरोबर. सोमवारी सकाळी पावणेसातला हौदापाशी या, आप्पा वाडा उघडतील तेव्हा एकेक जनावर फाटकातून बाहेर येतं, चाल बघायला आणि नावं पाठ करायला तीच वेळ सगळ्यात चांगली. वही मी आणतो, पक्कड तुमची आणा.